स्वभावाला औषध नाही?

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्ज, भाव, वीज, पीकविमा हे विषय आपल्या बैठकीत नेहमीच निघतात. आज दुपारच्या सत्रातही ते निघणार आहेत. सकाळचा हा एक तास मात्र आम्ही वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय आहे माणसाचा स्वभाव, त्याच्या शरीरातली ताणाची संप्रेरके आणि त्याची तब्येत. शेतकऱ्यांच्या बैठकीत हे डॉक्टरी व्याख्यान कशाला, असे काहींना वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. शेतकी कॉलेजात शिकलो, पिकांचा आणि जनावरांचा ताण तेवढा अभ्यासला. पण गेली काही वर्षे गावोगाव फिरताना एक वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे असे वाटले.

एखाद्या घरी कर्त्या माणसाने जीव दिला, की पंचनाम्याला माणसे येतात. कुणी चाळिशीत छातीत कळ येऊन गेला, की गावकरी ओट्यावर जमतात. दोन्ही ठिकाणी थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतो, "स्वभावच तसा होता हो. फार टेन्शन घ्यायचा." दुसरा म्हणतो, "तापट होता." तिसरा म्हणतो, "मनातलं कुणाला सांगायचा नाही." आणि मग सगळे माना हलवतात. स्वभावाला औषध नाही, ही म्हण आपल्याकडे आहेच. एकदा स्वभावावर बोट ठेवले, की भावाबद्दल, कर्जाबद्दल, धोरणाबद्दल कुणी कुणाला विचारायचे कारण उरत नाही. 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवायला बसलेल्या समितीचेही काम सोपे होते.

आमचे म्हणणे असे, की हे वाक्य साफ खोटे नाही. स्वभावाचा आणि आजाराचा संबंध आहे. पण तो किती आहे, कसा आहे आणि कुठे संपतो, हे शास्त्राने गेल्या शंभर वर्षांत बऱ्यापैकी तपासले आहे. ते आपल्याला माहीत पाहिजे. नाही तर अर्धे सत्य आपल्याच गळ्यात पडते.

ताण हा शब्द आपलाच

शहरात 'स्ट्रेस' म्हणतात, खेड्यात 'टेन्शन' म्हणतात. मराठीत त्याला ताण म्हणतात, आणि हा शब्द बागाईतदाराला शिकवायची गरज नाही. संत्र्याचा, मोसंबीचा मृग बहार धरायचा म्हणजे उन्हाळ्यात पाणी तोडायचे. पाने मलूल होतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते आणि अन्नाचा साठा होतो. मग वेळेवर पाणी मिळाले, की ताण तुटतो आणि झाड फुलाने लदबदते. म्हणजे ताण वाईट नाही. ताणाशिवाय बहार नाही.

पण त्याला दोन अटी आहेत. पहिली अट, ताण जमीन पाहून द्यायचा. हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतात, भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. दुसरी अट, ताण तोडायला पाणी हातात असले पाहिजे. विहीर कोरडी पडली आणि पाऊस लांबला, तर तोच ताण झाडाला खातो. फांद्यांवर सल येते, बहार तर जातोच, पुढे झाडही जाते. तेव्हा कुणी म्हणत नाही, की झाडाचा स्वभावच तसा होता.

हा दाखला आज शेवटपर्यंत लक्षात ठेवा. जमीन म्हणजे स्वभाव. पाणी म्हणजे परिस्थिती. या दोन्हींचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

शरीरात काय घडते

अंधारात पायाखाली काही सळसळले, की आपण विचार करण्याआधी उडी मारतो. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, अंगाला घाम फुटतो. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या पुस्तकात याची उपपत्ती मांडली: संकट दिसताच प्राणी लढायला किंवा पळायला तयार होतो. हे काम मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून निघणारे ॲड्रेनलिन करते.

गोठ्यात याचा अनुभव रोजचा आहे. धार काढताना कुत्रे अंगावर आले, अनोळखी माणूस बसला, तर म्हैस पान्हा चोरते. कास भरलेली असते, दूध उतरत नाही. १९४१ साली अमेरिकेतील एली आणि पीटरसन या दुग्धशास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवले. गाय घाबरवली किंवा तिला ॲड्रेनलिन टोचले, की पान्हा सोडणारे संप्रेरक आपले काम करू शकत नाही. म्हशीचा पान्हा चोरणे हा तिचा हट्ट नाही. तिच्या रक्तात भीती उतरलेली असते.

ॲड्रेनलिन हे घटकाभराचे. त्याच ग्रंथीतून दुसरे एक संप्रेरक निघते, कॉर्टिसोल. ते लांब पल्ल्याचे. मेंदूतून हुकूम सुटतो, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला पोचतो, तिथून रक्तातून या ग्रंथीला. कॉर्टिसोल रक्तातली साखर वाढवते, साठवलेली ताकद मोकळी करते आणि ज्या कामांची घाई नाही ती मागे टाकते. जखम भरणे, रोगाशी झुंजणे, वाढ, पुनरुत्पादन ही सगळी उद्याची कामे. आज जीव वाचला तर उद्या पाहू, असा शरीराचा हिशेब. कॉर्टिसोल म्हणजे विष नव्हे. ते अजिबात नसेल तर माणूस जगत नाही. निरोगी माणसात ते पहाटे उठायच्या सुमाराला सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. ज्यांना वर्षानुवर्षे रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरावे लागले, त्यांच्या शरीराचे हे घड्याळ कसे चालत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

१९३६ साली माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेली या शास्त्रज्ञाने 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण छापले. त्याने उंदरांना वेगवेगळे त्रास दिले. थंडीत ठेवले, इजा केली, दमेपर्यंत पळवले, औषधांचे जास्तीचे डोस दिले. त्रास कोणताही असो, परिणाम तेच तीन दिसले. ताणाची ग्रंथी सुजलेली, रोगप्रतिकाराच्या ग्रंथी आक्रसलेल्या आणि पोटात व्रण. सेलीचे सांगणे असे, की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवते, मग तग धरते आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी थकते.

आपल्या भाषेत सांगायचे, तर ही सावकारी आहे. शरीर अडीअडचणीला स्वतःकडूनच कर्ज काढते. अडचण आठवड्यात संपली तर कर्ज फिटते. वर्षभर संपली नाही तर व्याज चढते. रक्तदाब, पोटाभोवतीची चरबी, साखर, उडालेली झोप, वारंवार येणारा ताप, ही त्या व्याजाची रूपे आहेत.

घाईचा माणूस, रागाचा माणूस

आता स्वभावाकडे येऊ. १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन नावाचे दोन हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. खुर्च्या दुरुस्त करायला आलेल्या कारागिराला दिसले, की खुर्च्या पाठीकडून झिजलेल्या नाहीत, पुढच्या कडेला झिजल्या आहेत. रोगी खुर्चीच्या टोकावर बसत, केव्हा एकदा नंबर लागतो म्हणून. पुढे या दोघांनी अशा माणसांचे वर्णन केले: सदा घाईत, सदा चढाओढीत, दुसऱ्याचे वाक्य तोडणारा, लवकर चिडणारा. त्याला त्यांनी 'ए' प्रकारचे वागणे म्हटले. शांत, सावकाश माणूस तो 'बी' प्रकारचा.

१९६० पासून कॅलिफोर्नियातील ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ पुरुषांवर त्यांनी साडेआठ वर्षे लक्ष ठेवले. १९७५ साली निकाल आला: 'ए' प्रकारच्या माणसांना हृदयविकार सुमारे दुप्पट. जगभर गाजावाजा झाला. आजही मासिकांत प्रश्नावली छापून येते, तुम्ही 'ए' आहात की 'बी'?

पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हा संबंध दिसेना. त्याच कॅलिफोर्नियाच्या माणसांचा २२ वर्षांनंतरचा हिशेब १९८८ साली छापला गेला. हृदयविकाराचा झटका एकदा येऊन गेलेल्यांमध्ये 'ए' प्रकारची माणसे उलट जास्त टिकली होती. मग संशोधकांनी त्या गाठोड्यातला एकेक धागा सोडवला. घाई, महत्त्वाकांक्षा, भरपूर काम करणे यांचा दोष फारसा निघाला नाही. दोष निघाला तो कडवटपणाचा. प्रत्येक माणूस आपल्याला फसवायलाच बसला आहे, अशा समजुतीने जगणारा, मनात सतत वैर धुमसत ठेवणारा जो माणूस, त्याच्या हृदयाला धोका जास्त. १९८३ साली २५५ डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ते विद्यार्थी असताना त्यांच्या मनातल्या वैरभावाची मोजणी झाली होती. पंचवीस वर्षांनी पाहिले, तर ज्यांची मोजणी जास्त होती त्यांच्यात हृदयविकार जास्त निघाला.

आता यातली एक महत्त्वाची गोष्ट ऐका. स्वभावामुळे हृदयरोग होतो, या संशोधनात सर्वांत जास्त रस कुणाला होता? सिगारेट कंपन्यांना. न्यायालयीन लढायांमुळे पुढे या कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. ती तपासून ब्रिटनमधील संशोधकांनी २०११ आणि २०१२ साली दाखवून दिले, की 'ए' प्रकाराच्या संशोधनाला आणि खुद्द सेलीच्या कामालाही या कंपन्यांनी पैसा पुरवला होता. कारण उघड आहे. माणूस सिगारेटीने मेला असे ठरले तर कंपनी उत्तरदायी. तो त्याच्या चिडक्या स्वभावाने मेला असे ठरले तर कंपनी मोकळी.

भावांनो, हा डाव ओळखीचा वाटतो की नाही? दोष माणसाच्या आत आहे असे ठरवले, की बाहेरचा सुटतो.

खालच्या पायरीवरचे हृदय

आणखी एक गैरसमज आहे. मोठ्या साहेबांना ताण मोठा, म्हणून झटके त्यांनाच येतात, असा. १९६७ पासून लंडनमध्ये व्हाइटहॉल म्हणजे तिथल्या सचिवालयातल्या सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांची पाहणी झाली. सगळे नोकरदार, सगळ्यांना सरकारी दवाखाना मोफत. पण सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-दरवानांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. खालच्या श्रेणीत विडीकाडी, सिगारेट जास्त होती हे खरे. पण तो फरक वजा केला तरी तफावत राहिलीच. १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुषांची दुसरी पाहणी झाली. तिच्यात एक धागा स्पष्ट दिसला: आपल्या कामावर ज्याचा ताबा कमी, त्याच्या हृदयाला धोका जास्त.

ताबा म्हणजे काय, हे जे वाइस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमाराला उंदरांवर दाखवले होते. दोन उंदरांना सारखाच विजेचा झटका. एकाला झटक्याआधी इशारा मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. झटका तेवढाच, पण इशारा न मिळणाऱ्याच्या पोटात व्रण कितीतरी जास्त. दुसऱ्या प्रयोगात एका उंदराला झटका थांबवायची युक्ती दिली, दुसऱ्याला नाही. झटके दोघांना सारखेच बसले, पण युक्ती हातात असलेला बराच बचावला. म्हणजे झटका किती मोठा, एवढाच प्रश्न नाही. तो केव्हा येणार हे कळते का, आणि तो थांबवायला आपल्या हातात काही आहे का, हे प्रश्न तितकेच मोठे.

आता कांदा उत्पादकाचे पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकले. चाळीत कांदा भरताना यातले काय शेतकऱ्याला ठाऊक होते? पाऊस निदान ढग दाखवून येतो. अधिसूचना रात्रीतून येते. वाइसचा बिनइशाऱ्याचा उंदीर म्हणजे आपणच.

शेतकऱ्याच्या लाळेतला पाऊस

हे सगळे साहेबांचे आणि उंदरांचे झाले, शेतकऱ्याचे कुणी मोजले का? मोजले.

केनियामधील एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. किआन्यागा भागातले गरीब शेतकरी आणि नैरोबी शहरातले धातूकाम करणारे कारागीर यांच्या लाळेतले कॉर्टिसोल तपासले आणि पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिले. पाऊस कमी पडला, की दहा ते वीस दिवसांनी कॉर्टिसोल वाढलेले दिसे, आणि ही वाढ कारागिरांपेक्षा शेतकऱ्यांमध्ये जास्त होती. पाऊस कुणाचा स्वभाव पाहून पडत नाही. म्हणून हा पुरावा मोलाचा. माणसे तीच, स्वभाव तेच. आभाळ बदलले आणि रक्त बदलले.

दुसरा अभ्यास आपल्या शेजारचा, तामिळनाडूतला. तोही २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक. ऊस तुटण्याआधी घरात पैशाची चणचण, तुटून पैसे आले की हात मोकळा. त्याच शेतकऱ्याची दोन्ही वेळा साधी बुद्धीची चाचणी घेतली. चणचणीच्या दिवसांत तोच माणूस कमी गुण मिळवतो, पैसे आल्यावर जास्त. चिंता डोक्यातली जागा अडवून बसते. चणचणीत सही केलेला कागद, सावकाराकडे टाकलेले पाऊल, दुकानदाराने गळ्यात मारलेले औषध, यांना आपण अडाणीपणा म्हणतो. पण त्या दिवशी त्या डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

मग स्वभावाचे काय?

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, झाले तर, सगळा दोष परिस्थितीचा, स्वभाव मोकळा. तसेही नाही. एकाच शिवारात, एकाच गारपिटीत, सारख्याच कर्जात दोन भाऊ वेगळे वागतात. एक दुसऱ्या दिवशी फावडे उचलतो, दुसरा खाटेवरून उठत नाही. जमिनीत फरक असतोच. काही जन्माचा, काही लहानपणी घरात जे भोगले त्याचा.

रॉबर्ट सापोल्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७८ पासून केनियामधील बबून माकडांच्या टोळ्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्यांच्या रक्तातले संप्रेरक मोजले. टोळीतल्या खालच्या नरांमध्ये ताणाचे संप्रेरक सहसा जास्त. पण सारख्याच पायरीवरच्या नरांमध्येही फरक निघाला. प्रतिस्पर्धी समोर येऊन दात दाखवतो आहे की नुसताच दूर झोपला आहे, यातला फरक ज्याला कळतो, त्याचे संप्रेरक कमी. ज्याला टोळीत सोबती आहेत, जो दुसऱ्याच्या अंगावरच्या उवा काढत बसतो आणि ज्याच्या काढल्या जातात, त्याचेही कमी. हा झाला स्वभावाचा भाग.

त्याने आणखी एक गोष्ट पाहिली, ती ऐकायला कडू आहे. मार खाल्लेला नर वळतो आणि आपल्यापेक्षा दुबळ्याला मारतो. त्याचा ताण त्याने उतरतो. तालुक्याच्या गावी अपमान गिळलेला माणूस घरी येऊन कुणावर हात टाकतो, हे या मांडवात बसलेल्या मायबहिणींना सांगायला नको. बैलाच्या पाठीवरचे वळही तेच सांगतात. ताण असा उतरतो खरा, पण तो दुसऱ्याच्या अंगात उतरतो. ज्या बाईला शेताची तीच चिंता आहे, तिला वर नवऱ्याचीही भोगावी लागते. आणि कॉर्टिसोल काय फक्त पुरुषांच्या रक्तात असते?

याच माकडांची आणखी एक हकीकत आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात पर्यटकांच्या मुक्कामाजवळच्या उकिरड्यावरचे क्षयाची लागण झालेले मांस खाऊन एका टोळीतले सर्वांत दांडगे, भांडखोर नर मेले. मागे उरले ते मवाळ नर आणि माद्या. टोळीचे वागणे बदलले. मारामारी कमी झाली, जवळ बसणे वाढले. पुढे बाहेरच्या टोळ्यांतून नवे नर आले, तेही या टोळीची रीत शिकले. आणि तिथल्या खालच्या पायरीच्या नरांमध्ये ताणाच्या त्या खुणा दिसेनाशा झाल्या. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे पायऱ्या असल्या तरी टोळीची रीत चांगली असेल, तर खालच्याचेही रक्त निवते. माकडांना जे जमले, ते माणसांच्या गावाला जमू नये?

संघटनेचे काम कोणते?

आमच्या मते यातून दोन कामे निघतात. एक पाण्याचे, एक जमिनीचे.

पाण्याचे काम म्हणजे परिस्थितीचे. भावाची मागणी, कर्जाची मागणी, दिवसा विजेची मागणी आपण आजवर पैशाचा प्रश्न म्हणून मांडली. ती आता तब्येतीचा प्रश्न म्हणूनही मांडा. पेरणीआधी धोरण जाहीर करा आणि हंगामाच्या मध्यात बदलू नका, ही मागणी हृदयाचीही आहे. शेतकऱ्याला योगासने शिकवायला आमची ना नाही. समुपदेशकही येऊ द्या, त्यांची गरज आहे. पण विहिरीचे पाणी तोडून झाडाला धीर धरायला सांगू नका.

जमिनीचे काम आपल्या घरचे आणि गावचे. ते सरकारवर ढकलता येणार नाही. प्रत्येक शाखेने पुढच्या हंगामाआधी एवढे करावे:

१. घरातल्या कर्जाचा पूर्ण आकडा घरातल्या बाईला माहीत असला पाहिजे, खाजगी सावकाराच्या कर्जासकट. किती तरी घरांत तो आकडा माणूस गेल्यानंतरच कळला. एकट्याच्या डोक्यात ठेवलेला आकडा रोज वाढतो. दोघांनी कागदावर मांडला, की तो आहे तेवढाच राहतो.

२. गावात वसुलीची नोटीस आली, पीक गेले, पोरीचे लग्न मोडले, की त्या घरी पंधरा दिवसांच्या आत दोन कार्यकर्त्यांनी जायचे. भाषण करायला जायचे नाही. चहा घ्यायचा, ऐकायचे, पुन्हा जायचे. केनियामधले शेतकरी आठवा: पाऊस गेल्यावर दहा ते वीस दिवसांनी रक्त बोलते.

३. जो माणूस बोलायचा थांबला, झोपेनासा झाला, देणी-घेणी आवरू लागला, "आता माझं काय राहिलं" म्हणू लागला, त्याला सरळ विचारायचे, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडायचे नाही. घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायची. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहा. आणि पोलिसांच्या भीतीने कुणी दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानायचे आहे. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे आहेत.

४. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासायची. आरोग्य उपकेंद्रात ते होते. बैठकीला येताना तपासून यायचे.

५. आपापसात. आपल्यात तापट माणसे पुष्कळ आहेत, आणि ते बरेच आहे. राग नसता तर कुणी रस्त्यावर उतरले नसते. पण रागाला पत्ता पाहिजे. मागणीपत्रावर लिहिलेला राग दिवसभर काम करून संध्याकाळी झोपतो. पत्ता नसलेला राग घरच्यांवर, सोबत्यांवर आणि शेवटी आपल्याच छातीवर निघतो. समोरचा प्रत्येक माणूस गद्दार आहे असे समजून चालणारा कार्यकर्ता संघटनेचे तर नुकसान करतोच, स्वतःच्या हृदयाचेही करतो. व्यापारी फसवतो तिथे काटा तपासा, पावती मागा, भांडा. पण दात दाखवणारा आणि झोपलेला, यातला फरक ओळखायला शिका.

एक गोष्ट स्पष्ट करतो. आत्महत्या एका कारणाने होत नाही आणि हृदयविकारही एका कारणाने होत नाही. तंबाखू, दारू, खाणेपिणे, वंश, दवाखान्याचे अंतर, सगळे त्यात येते. आज सांगितले ते या सगळ्याच्या जागी नव्हे, या सगळ्याच्या जोडीला. आणि आजार असेल तर डॉक्टरकडेच जायचे. भाषण ऐकून रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही.

स्वभावाला औषध नाही, असे म्हणतात. आम्ही शेतकी शिकलेली माणसे एवढेच सांगू, की हलकी जमीन एका रात्रीत भारी होत नाही. पण तीत शेणखत घालता येते, बांध घालता येतो, आच्छादन करता येते, आणि तिच्या झाडाला ताण किती दिवस द्यायचा हे आधी ठरवता येते. हे काम आपले. आणि ताण तोडायची वेळ येते तेव्हा पाणी लागतेच. ते पाणी ज्यांनी अडवून ठेवले आहे, त्यांच्याकडून ते मागून आणायचे कामही आपलेच. दुपारच्या सत्रात त्याच कामाला बसायचे आहे. जेवून या. शेजारी कुणी एकटा जेवत असेल, तर त्याला आपल्या पंगतीला बोलवा.